दुपारचे ऊन आणि दुचाकीची बॅटरी



पुण्या-नाशकाकडे वसंतातले व्याख्यान म्हणजे सायंकाळचा गार वारा आणि मोगऱ्याचा वास अशी कल्पना असेल; आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वसंत हा वैशाखाचा वेष घेऊनच येतो. पारा ४७-४८ अंशांवर गेल्याच्या नोंदी या जिल्ह्याच्या नावावर आहेत. ज्या उन्हापासून आपण दिवसभर दारे-खिडक्या लावून लपून बसलो, त्याच उन्हाविषयी दिवस मावळल्यावर बोलण्यासाठी आपण येथे जमलो आहोत. विषय साधा आहे. घराच्या छपरावर सौर पाटी, म्हणजे बाजारात जिला ‘सोलर प्लेट’ म्हणतात ती, बसवून विजेची दुचाकी चालविता येते काय, येत असल्यास कशी, आणि त्यात पदरात नेमके काय पडते?

येते, हे आरंभीच सांगून टाकतो. गडचांदुरात उन्हाचा तुटवडा नाही आणि दुचाकीची भूकही फार मोठी नाही. अडचण आहे ती वेगळ्याच जागी. ऊन असते तेव्हा गाडी घरी नसते, आणि गाडी घरी येते तेव्हा ऊन मावळलेले असते. ही गाठ कशी सोडवायची, यातच या विषयाचे मर्म आहे. पाटी केवढी घ्यावी, कोणत्या कंपनीची घ्यावी, हे प्रश्न त्यानंतरचे.

प्रथम भूक मोजू. धडधाकट मनुष्य सायकलचे पायडल तासभर नेटाने मारू लागला तर त्याच्या पायांतून साधारण ७५ ते १०० वॅट शक्ती निघते. विजेच्या सायकलीला २५० वॅटपर्यंतची मोटर असते. मोटर त्याहून कमी शक्तीची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर मोटार वाहन नियमांप्रमाणे अशा वाहनाला नोंदणी लागत नाही व परवानाही लागत नाही. ही सायकल सपाट रस्त्यावर एका किलोमीटरला सुमारे १५ वॅट-तास वीज खाते. स्वार पायडल मारीत गेला तर त्याहूनही कमी. विजेच्या स्कूटरला किलोमीटरमागे सुमारे ३० वॅट-तास लागतात. आता एखाद्याचे काम घरापासून दहा किलोमीटरवर आहे असे समजा. जाऊन येऊन वीस किलोमीटर होतात. सायकलीला ३०० वॅट-तास लागले, स्कूटरला ६००. चार्जरमध्ये आणि बॅटरीत थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते, ती धरून सायकलीला ०.३५ आणि स्कूटरला ०.७ युनिट. घरातला एक पंखा दिवसरात्र चालविला तर तो एकटा एका युनिटहून अधिक वीज खातो, हे लक्षात घेतले म्हणजे ही भूक किती लहान आहे ते कळेल.

चढावर मात्र हिशेब बदलतो. आपल्यापैकी ज्यांचे जिवतीच्या पठारावर जाणे-येणे आहे त्यांना हे सांगायला नको. सायकल आणि स्वार मिळून वजन १०० किलो आहे, आणि दोनशे मीटर उंची चढायची आहे, असे धरले तर केवळ उंच उचलण्यासाठी ५४ वॅट-तास लागतात. मोटर व गिअर यांतली गळती धरली की ते ८५ च्या घरात जातात. म्हणजे सपाटीवरच्या साडेपाच किलोमीटरांइतकी वीज एका घाटात गेली. उतरताना त्यातली फारच थोडी परत मिळते. बहुतेक सायकलींत तर काहीच नाही, ती ब्रेकच्या रबरात जिरते.

आता सूर्याची बाजू पाहू. प्रकाश पडला असता वीज उत्पन्न होते ही गोष्ट बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३९ साली पाहिली होती. परंतु उपयोगी पडेल अशी सिलिकॉनची सौरघटी तयार व्हावयास १९५४ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने त्या वर्षीच्या एप्रिलात ती जगाला दाखविली, तेव्हा पडलेल्या प्रकाशाचा सुमारे ६ टक्के भाग ती विजेत बदलत असे. आज बाजारात मिळणाऱ्या चांगल्या पाट्या २० ते २२ टक्क्यांपर्यंत पोचल्या आहेत.

पाटीवर ‘१०० वॅट’ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ मात्र नीट समजून घेतला पाहिजे. कारखान्यात, ठरावीक प्रखर प्रकाशात आणि घटीचे तापमान २५ अंश असताना ती १०० वॅट देते, एवढाच तो अर्थ. आपल्या भागात वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे पाच तास तितक्या प्रखर उन्हाइतका प्रकाश मिळतो असे धरण्यास हरकत नाही. म्हणजे कागदावर ५०० वॅट-तास झाले. त्यातून उष्णता, धूळ, तारा आणि मधली यंत्रे यांचा कर वजा केला की हाती ३५० राहतात. सायकलीच्या वीस किलोमीटरांना हेच लागत होते! दाराच्या एका फळीहून लहान अशी १०० वॅटची एक पाटी एका माणसाला रोज कामावर पोचवून परत आणू शकते. स्कूटरला अशा दोन पाट्या लागतील. ही पाटी सायकलीवरच का बसवू नये, असे पुष्कळजण विचारतात. सायकलीवर मावेल ती पाटी पंचवीस-तीस वॅटची. ती आडवी पडलेली, तीवर स्वाराची सावली आणि दुपारी सायकल झाडाखाली. दिवसभरात पाच-सहा किलोमीटरांची वीज मिळाली तरी पुष्कळ. पाटीची जागा छपरावर, हेच खरे.

वर उष्णतेचा कर म्हटला, तो आपल्याकडे जबर आहे. ऊन जितके कडक तितकी वीज अधिक, असा सर्वसाधारण समज असतो. सौरघटीला हवा असतो प्रकाश. उष्णता तिला मुळीच मानवत नाही. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला पाटीची शक्ती साधारण ०.३५ ते ०.४ टक्का घटते. हवा ४५ अंश असेल तेव्हा छपरावरची काळी पाटी ७० अंशांवर गेलेली असते. म्हणजे १०० वॅटची पाटी मे महिन्यात भर दुपारी ८०-८५ वॅटच देते. तीच पाटी माघातल्या स्वच्छ, गार सकाळी अधिक मन लावून काम करते. यावर उपाय एकच. टिनाच्या छपराला पाटी चिकटवून बसवू नये. खाली वीतभर मोकळी जागा सोडावी, म्हणजे वारा खेळतो.

पाटीचे तोंड दक्षिणेकडे, आणि कल सुमारे वीस अंशांचा असावा. कारण आपण विषुववृत्ताच्या उत्तरेस जवळपास तितक्याच अंशांवर आहोत. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली क्षणभर नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. तेव्हा दक्षिणमुखी पाटीचे थोडे नुकसान होते. पण त्यातले बहुतेक दिवस ढगांचेच असतात, म्हणून त्याची फार चिंता करू नये.

सावलीची गोष्ट मात्र गंभीर आहे. एका घटीचा विद्युतदाब जेमतेम अर्धा व्होल्ट असतो. म्हणून छत्तीस किंवा त्याहून अधिक घटी माळेसारख्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. अरुंद पांदणीतून बैलगाड्यांची रांग चालली असता पुढची एक गाडी थांबली म्हणजे मागच्या साऱ्या थांबतात, तसेच येथे होते. कडुनिंबाची एक फांदी किंवा डिश अँटेनाची सावली दोनचार घटींवर पडली की माळेतला प्रवाह अडतो. त्यावर तोड म्हणून पाटीच्या पाठीमागे आडवाटा ठेवलेल्या असतात; पण आडवाटेने जाताना त्या भागातल्या घटींची वीज सोडून द्यावी लागते.

धुळीबद्दल गडचांदूरकरांना निराळे काही सांगावे असे नाही. या परिसरात सिमेंटचे कारखाने आहेत, चुनखडीच्या खाणी आहेत, आणि मालमोटारींची ये-जा रात्रंदिवस चालू असते. साधी माती पहिल्या पावसाने वाहून जाते. सिमेंटच्या धुळीवर हिवाळ्यात पहाटेचे दव पडले की ती काचेवर धरते, आणि एकदा धरली की सुटता सुटत नाही. म्हणून ती कोरडी असतानाच दर चार-आठ दिवसांनी मऊ कापडाने झटकावी आणि मग पाण्याने धुवावी. धुणे सकाळीच, काच गार असताना. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतल्यास ती तडकण्याचा धोका असतो. तारेच्या घासणीला तर हातही लावू नये.

आता पाटीपासून बॅटरीपर्यंतचा रस्ता. येथेच हौशी मंडळी फसतात. विजेच्या सायकलीची बॅटरी बहुधा ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी असते आणि पूर्ण भरली म्हणजे तिचा दाब ४२ व्होल्ट होतो. बाजारातल्या लहान पाटीचा चालू दाब १८ व्होल्टच्या आसपास असतो. पाणी जसे खालच्या टाकीतून वरच्या टाकीत आपोआप चढत नाही, तशी १८ व्होल्टची पाटी ४२ व्होल्टची बॅटरी भरू शकत नाही. दोन पाट्या माळेत जोडल्या तर ३६ होतात, तेही अपुरेच. तीन जोडल्या तर ५४ होतात. उन्हाने तापून हा दाब ४४-४५ पर्यंत उतरला तरी काम जेमतेम निभते. पन्नास-पन्नास वॅटच्या तीन पाट्या घेण्याचे कारण हे आहे. किंवा एकच पाटी घेऊन दाब वाढविणारा नियंत्रक मध्ये बसवावा.

नियंत्रक, म्हणजे चार्ज कंट्रोलर, हा कोणत्याही परिस्थितीत हवाच. लिथियम बॅटरीला प्रथम ठरावीक प्रवाह द्यायचा, दाब ४२ व्होल्टला पोचला की तो तेथेच रोखून प्रवाह हळूहळू कमी होऊ द्यायचा आणि शेवटी बंद करायचा, ही तिची शिस्त आहे. शिशाच्या बॅटरीसाठी केलेला स्वस्त नियंत्रक ही शिस्त पाळीत नाही. बॅटरीच्या पोटात रक्षक मंडल असते हे खरे, पण रखवालदार आहे म्हणून कोणी दार उघडे टाकून निजत नाही.

स्कूटरचे तंत्र निराळे आहे. बहुतेक नव्या स्कूटरी आपल्या कंपनीच्या चार्जरशिवाय दुसऱ्या कोणाकडून वीज घेत नाहीत, आणि तो चार्जर घरातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटवर चालतो. चालू असताना तो सहा-आठशे वॅट ओढतो. दोनशे वॅटच्या पाटीला एवढी ओढ एकदम सोसणार कशी? मध्ये एक मोठी बॅटरी आणि इन्व्हर्टर ठेवून ते साधता येते, पण मग वीज एकदा त्या बॅटरीत जाणार, तीतून बाहेर येणार, इन्व्हर्टरमधून जाणार, चार्जरमधून जाणार आणि शेवटी गाडीच्या बॅटरीत पडणार. प्रत्येक दारात थोडा जकात नाका आहे. माझे मत असे की स्कूटरवाल्याने या भानगडीत न पडता सबंध घरासाठीच छपरावर एक-दोन किलोवॅटची सौरयंत्रणा घ्यावी आणि ती वीज मंडळाच्या तारेला जोडावी. दिवसा उरलेली वीज तारेवर जाते, रात्री लागेल ती तारेवरून येते आणि मीटर दोहोंची वजाबाकी करतो. गाडी मग रात्री दहाला लावा की पहाटे चारला. एक किलोवॅटची यंत्रणा दिवसाला सरासरी चार युनिट देते. त्यांत स्कूटरचे पाऊण युनिट कोठल्या कोठे सामावते. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने पंतप्रधान सूर्यघर योजना आणली. तीत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन वा अधिकला ७८ हजार रुपये अनुदान ठेवले.

यात एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते आणि मागाहून चुटपुट लागते. तारेला जोडलेली अशी साधी यंत्रणा गावची वीज गेली की भर उन्हातही बंद पडते. ती मुद्दाम तशी केलेली असते. ती चालू राहिली तर बंद समजून तारेवर चढलेल्या वायरमनला आपल्या छपरावरची वीज धक्का देईल. त्यामुळे जेथे वीज वरचेवर आणि तासन्‌तास जाते, अशा डोंगरावरच्या गुड्यांत किंवा गडचिरोलीकडच्या जंगलातील गावांत, सायकल, एक पाटी आणि एक नियंत्रक ही स्वतंत्र जोडीच अधिक कामाची.

आता त्या गाठीकडे वळू. तारेचा आधार नाही, सूर्यावरूनच बॅटरी भरायची आहे, तर ती दिवसा घरी कशी असावी? सरकारी कचेरीतला कारकून किंवा शाळेतला मास्तर याला हे सर्वांत अवघड. दहा ते पाच हीच सूर्याचीही कचेरी. पण आपले गाव पाळ्यांचे गाव आहे. सिमेंटची भट्टी रात्रीही विझत नाही, म्हणून माणसे पाळीने जातात. दुसऱ्या पाळीचा कामगार दुपारी घर सोडतो, तोवर सबंध सकाळ त्याची बॅटरी उन्हाचे खाते. रात्रपाळीवाला सकाळी येऊन निजतो. तो झोपेत असताना त्याची गाडी जेवून घेते. पहिल्या पाळीवाला अडीचच्या सुमारास परततो, त्याला उतरत्या उन्हाचे दोन-तीन तास मिळतात, म्हणजे त्याने पाटी दीडपट घ्यावी. रात्रपाळीला सूर्याने अशी भरपाई करावी हे मला फार गमतीचे वाटते.

बाकीच्यांसाठी तोडगा म्हणजे बॅटरी गाडीपासून सुटी करणे. यामागे आपल्याकडचा थोडा इतिहास आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस विजेवर चालणारी सायकलरिक्षा तयार केली. सायकलरिक्षा ओढणाऱ्या माणसाचे कष्ट कमी व्हावेत हा त्यामागचा हेतू होता. पुढे २ ऑक्टोबर २००८ रोजी दिल्लीत दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेची सौररिक्षा रस्त्यावर आली. तिच्या टपावर पाटी नव्हती. बॅटरी सौर केंद्रावर भरावयाची आणि रिक्षात ठेवावयाची, अशी ती योजना होती. घरगुती सायकललाही हे लागू पडते. दोन बॅटऱ्या ठेवाव्यात, एक स्वाराबरोबर आणि एक पाटीखाली. खर्च वाढतो हे खरे, कारण गाडीतली सर्वांत महाग वस्तू तीच. त्याहून बरे म्हणजे काम करण्याच्या ठिकाणी, महाविद्यालयांत, कारखान्यांच्या फाटकाशी, गाड्या उभ्या करण्याच्या मांडवावर टिनाऐवजी पाट्या घालणे. सावली आणि वीज एकाच छपराखाली मिळतील.

पैशाच्या बाबतीत स्पष्ट बोलले पाहिजे, कारण विक्रेते दोन बचतींची सरमिसळ करून सांगतात. रोजचे वीस किलोमीटर पेट्रोलच्या दुचाकीवर केले तर, लिटरला ५० किलोमीटर आणि भाव १०० रुपये धरून, दिवसाला ४० आणि कामाच्या ३०० दिवसांत १२ हजार रुपये होतात. विजेच्या स्कूटरला, आठ रुपये युनिट धरून, वर्षाला १,७०० लागतात. म्हणजे दहा हजारांच्या वर जी बचत झाली ती गाडी विजेची झाल्यामुळे झाली. पाटी अजून आलेलीच नाही. पाटी आणल्यावर वाचतात ते उरलेले १,७००, आणि सायकलीच्या बाबतीत तर आठ-साडेआठशेच. सहा हजारांची पाटी-नियंत्रकाची जोडी फक्त सायकलीसाठी घेतली तर खर्च वसूल व्हायला सात वर्षे लागतील. पाटी पंचवीस वर्षे टिकते, तेव्हा सौदा वाईट नाही. पण केवळ नफ्यासाठी कोणी उडी घेत असेल तर त्याने हा आकडा आधी पाहावा.

मग पाटी कशासाठी? याचे उत्तर पुण्याच्या माणसाला एक आणि आपल्याला दुसरे आहे. पुण्यातल्या रस्त्यावर विजेची स्कूटर धूर सोडीत नाही. तिचा धूर चंद्रपूरला सुटतो. आपल्या जिल्ह्यातील महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे, आणि तेथे जळणारा कोळसा बऱ्याच अंशी आपल्याच जमिनीतून निघतो. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तीत चंद्रपूर अगदी वरच्या स्थानांत होते. एक युनिट विजेला साधारण सहा-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे आपली स्कूटर दिवसाला अर्धा किलो, वर्षाला दीड क्विंटल कोळसा खाते. तो जळतो आपल्याच शिवारात, आणि राख पडते आपल्याच विहिरीशी. दुसऱ्या गावच्या माणसाला हा हिशेब वर्तमानपत्रात वाचावा लागतो, आपल्याला तो वाळत घातलेल्या धोतरावर दिसतो. छपरावर एक पाटी बसल्याने चिमणीचा धूर विझणार नाही, हे मला मान्य आहे. पण आपल्या घरापुरता तो दीड क्विंटल खाणीतच राहतो.

शेवटी बॅटरीच्या प्रकृतीविषयी. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात काही ठिकाणी विजेच्या स्कूटरांनी पेट घेतला आणि त्यानंतर सरकारने बॅटऱ्यांच्या चाचणीचे नियम कडक केले. लिथियम बॅटरी स्वतः ४५ अंशांवर तापलेली असताना तिला चार्ज करू नये. आपल्याकडे मे महिन्यात दुपारची हवाच तेवढी तापते. म्हणून पाटी उन्हात असली तरी बॅटरी घरात, जाड भिंतीच्या गार खोलीत, जमिनीवर ठेवावी. टिनाच्या ओसरीत कदापि नाही. गाडी फिरवून आणल्यावर अर्धा तास निवू द्यावी, मग लावावी. उन्हाळ्यात सकाळी साडेसात ते साडेअकरा एवढेच तास वापरावेत, आणि रोज काठोकाठ भरण्याचा हट्ट न धरता ऐंशी टक्क्यांवर थांबावे. त्याने तिचे आयुष्य वाढते. पाटीकडून येणाऱ्या तारेवर एकदिश प्रवाहाचाच खटका बसवावा, कारण साध्या खटक्यात त्या प्रवाहाची ठिणगी विझत नाही.

पावसाळ्यात ढगाळ दिवशी पाटी निम्म्याहून कमी वीज देते, आणि झडी लागली की त्याहूनही थोडी. त्या आठवड्यात बॅटरी सरळ घरच्या सॉकेटवर लावावी, आणि उघडीप पडली की पुन्हा पाटीवर.